आबांच्या थांब्यांवरून चाकणपर्यंत

आबांची मोटार विकायची, असे आमच्या घरात कोणीही मोठ्याने म्हटले नाही. आबा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून ती चिंचवडच्या आमच्या घरासमोर चिंचेखाली उभी होती. टपावर पाला पडे आणि आई तो रोज सकाळी केरसुणीने झाडून काढी. अंगण झाडून झाले की मोटार, हा तिचा क्रम ठरून गेला होता.

माझा थोरला भाऊ वसंतदादा पिंपरीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या एका नव्या कारखान्यात लागला होता. त्याला आबांचा भाड्याच्या मोटारीचा धंदा चालवायला सवड नव्हती, आणि मोटारही त्याला दाद देत नव्हती. सुरू व्हायची, काही मैल जायची आणि खोकत बंद पडायची. देहूच्या रस्त्यावरून त्याने ती दोनदा बैल लावून ओढत आणली. दुसऱ्या वेळी घरी आल्यावर हात धुता धुता तो म्हणाला, "पुण्याच्या मोडवाल्याला सांगितलंय. पुढच्या आठवड्यात येऊन तोडून नेईल." आईने मान हलवली आणि ती आत गेली.

आबांचे एक जुने स्नेही चाकणला राहतात. नाव गेनूदादा. आबांसारखेच तेही भाड्याची मोटार चालवत आले. त्यांना ही वार्ता कोणी सांगितली कोण जाणे. बाजाराला आलेल्या माणसाबरोबर त्यांचा निरोप आला. "मोडीत घालू नगा. गाडी आपल्या पायानं चाकणला आली तर मी ठिवतो, चालवतो. वढून आणायची पाळी आली तर मग माझ्याबी कामाची न्हाई."

म्हणून हा प्रवास. अंतर थोडे; बसने गेले तर एका सकाळीत पुरे होते. परंतु आम्हाला मोटार चालतच तिथे न्यायची होती, आणि न पोहोचल्यास तिचे काय होणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

मोटारीविषयी थोडे सांगितले पाहिजे. महायुद्धात आबा लष्कराचे ट्रक चालवीत. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ही घेतली. कोणाकोणाच्या हाताखालून ती आली होती ते आम्हाला कधीच कळले नाही. एक दिवा आंधळा होता. पेट्रोलचा काटा मेलेला, म्हणून मागच्या टाकीत बांबूची काठी बुडवून पेट्रोल किती आहे ते पाहावे लागे. अशा या गाडीतून आबा चिंचवड स्टेशनवर उतरलेल्या माणसांना देहूला, आळंदीला, चाकणला पोहोचवीत. दर दसऱ्याला आई तिची पूजा करी. झेंडूची माळ पुढे, आणि तेलात कालवलेला शेंदूर मागे, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर. शेजारणी हसत. आईचे उत्तर ठरलेले होते. "गाडीचं तोंड तेच ना? खायला तिथूनच घालता." शेंदरावर शेंदूर चढून ते झाकण एखाद्या रस्त्याकडेच्या देवासारखे तांबडे आणि जाड झाले होते.

आबांच्या गाडीची आणखी एक गोष्ट सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होती. ती थांबत थांबत जाई. चाकणच्या वाटेवर आबांचे थांबे ठरलेले होते: कासारवाडीच्या फाट्यावरचे आंब्याचे झाड, भोसरीच्या अलीकडची विहीर, मोशीचा नदीकाठ. तिथे ते उतरत, मागे जात, गाडीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभे राहत आणि तंबाखूची चिमूट मळत परत येत. कोणी विचारले की म्हणत, "दम घेऊ द्या तिला." एखादा चेष्टेखोर विचारी, "गाडी दमते का आबा, का तुम्ही?" आबा नुसते हसत. मी लहानपणी खरोखरच समजत होते की मोटारीलाही छाती असते.

मार्गशीर्षातल्या एका बाजाराच्या दिवशी आम्ही निघालो. दादा चालवायला, आई मागे, तिच्याशेजारी मी. मांडीवर भाकऱ्यांचे फडके, पायाशी पाण्याची कळशी. आई आबांच्या गाडीत नेहमी मागेच बसे. पुढची जागा गिऱ्हाइकाची. त्या दिवशी पुढची जागा मोकळी होती आणि तिकडे आम्हा दोघींपैकी कोणीच पाहिले नाही.

पिंपरीपर्यंतचा रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना कालपरवापर्यंत ज्वारी होती, तिथे आता विटांच्या भिंती आणि लोखंडी सांगाडे उभे राहत आहेत. निर्वासितांच्या वसाहतीजवळ लहान लहान दुकाने लागली आहेत. तिथे मिळणारा चहा आपल्याकडच्यापेक्षा दाट आणि गोड. प्रवाशांनी तो जरूर घ्यावा, त्याबरोबर खारी बिस्किटे मिळतात. पेट्रोलही पिंपरीलाच भरून घ्यावे, कारण पुढे त्याची खात्री नाही. दादाने ते भरले आणि झाकण घट्ट लावले.

कासारवाडीच्या फाट्यावर नाशिकचा रस्ता फुटतो. आबांचे आंब्याचे झाड दिसू लागले तेव्हा दादाने वेग कमी केला नाही. उलट थोडा वाढवलाच. आई वळून झाडाकडे पाहत राहिली. झाड मागे पडते न पडते तोच इंजिन खोकले, एक हिसका बसला आणि गाडी गप्प झाली.

फाट्यावर ताडपत्रीच्या आडोशाखाली एक मिस्त्री बसत असे. तो फडक्याला हात पुसत आला. बॉनेट उघडून त्याने एका काचेच्या वाटीकडे बोट केले. पेट्रोल टाकीतून नळीने या वाटीत येते, गाळले जाते आणि पुढे इंजिनाला मिळते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. वाटी कोरडी होती.

"टाकीत पेट्रोल हाय का?" मिस्त्रीने विचारले.

"आत्ताच भरलंय," दादा म्हणाला. तरीही त्याने मागे जाऊन झाकण काढले आणि काठी बुडवून पाहिली. पेट्रोल होते.

मिस्त्रीने नळी सोडवून फुंकली, वाटी धुतली, आतले कसलेसे लहान भोक तारेने साफ केले आणि एक-दोन सुटे भाग उगाचच काढून पुन्हा बसवले. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. "कचरा व्हता," तो म्हणाला. "आता नाशिकपतुर बघायला नगं." दादाने त्याचे पैसे दिले. चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा रंग आला होता.

नाशिकपर्यंत नव्हे, भोसरीपर्यंतही ती गेली नाही. आबांची विहीर समोर दिसत असताना बंद पडली. या वेळी मिस्त्री नव्हता. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, पलीकडे कापणी झालेले बाजरीचे रान. दादा बॉनेटमध्ये डोके घालून उभा होता. तेवढ्यात कांद्याची पोती भरलेली एक बैलगाडी आली. गाडीवान पागोटे मागे सारून म्हणाला, "काय राव, जुंपू का माझी जोडी? चाकणलाच चाललोय."

"जा तुम्ही," दादा डोके वर न काढता म्हणाला.

"आबांची गाडी न्हवं ही? व्हय, आबांचीच! आबा हितंच थांबायचं. तुमी तर बंद पाडून थांबलाव!" तो हसत पुढे गेला. त्याला आबा गेल्याचे ठाऊक नव्हते. आईने पदर सारखा केला आणि ती विहिरीकडे पाहत राहिली.

वाटी पुन्हा कोरडी. दादाने नळी फुंकली. कचरा निघाला नाही. दादा मटकन रस्त्याच्या कडेला बसला. "पेट्रोल ओढणारा पंपच गेलाय. नवा पंप कुठून आणू? कुसुम, आपण परत जाऊ. मोडवाल्याचंच नशीब."

आई खाली उतरून मागच्या चाकाशी उभी राहिली आणि तिने गाडीच्या पाठीवर हात ठेवला, आबा ठेवीत तसा. ते तिने मुद्दाम केले असे मला वाटत नाही.

मला माणसांसमोर बोलायला जमत नाही. शाळेत पहिला क्रमांक आला तरी बक्षीस घ्यायला मला दोनदा हाक मारावी लागे. परंतु दादाने शेवटचे म्हणून पुन्हा काठी बुडवायला झाकण फिरवले तेव्हा मी त्याच्याजवळच होते, आणि मला एक आवाज ऐकू आला. बारीक, लांबलेला, कोणी रोखून धरलेला श्वास आत ओढावा तसा. मी पुढे जाऊन वाटीकडे पाहिले. तिच्यात पेट्रोल येत होते.

"दादा," मी म्हटले, "नळीला आता कोणी हात लावला?"

"नाही. का?"

"वाटी भरली."

त्याने येऊन वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. शास्त्राच्या तासाला गुरुजींनी दाखवलेला एक साधा प्रयोग मला आठवत होता. पाण्याने भरलेल्या काचेच्या नळीचे वरचे तोंड बोटाने दाबून धरले की खालचे तोंड उघडे असूनही पाणी पडत नाही; बोट उचलले की पडते. मी तो अडखळत सांगितला. दादाला शंका होती. मी म्हटले, "पुढे जाऊन पाहू. पुन्हा बंद पडली तर कशालाही हात लावायचा नाही. फक्त झाकण उघडायचं."

भोसरी गावात आम्ही थांबलो नाही, म्हणून तिथल्या खाण्यापिण्याविषयी मला सांगता येत नाही. मोशीच्या उतारावर, इंद्रायणीचे पाणी दिसू लागले आणि गाडी बंद पडली. आबांचा तिसरा थांबा. दादा उतरला, सरळ मागे गेला, झाकण फिरवले. तोच श्वास. मी पुढून ओरडले, "आली!" आणि माझ्याच आवाजाने दचकले.

"हवा आत जात नाही टाकीत," दादा म्हणाला. "पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा यायला हवी. ती येत नाही, म्हणून पंप ओढून ओढून थकतो."

आई नदीकाठच्या एका दगडावर भाकरीचे फडके सोडत होती. तिने मान वर केली. "रॉकेलच्या डब्यासारखं? डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुटगुट करून अडतं. दुसरं भोक पाडावं लागतं."

"तसंच, आई."

"मग या टाकीला दुसरं भोक नाही?"

दादाने झाकण हातात घेऊन उलटसुलट केले. आतल्या बाजूला, मध्यभागी, टाचणीच्या डोक्याएवढे एक छिद्र होते. त्याने ते उजेडाकडे धरले. उजेड दिसला नाही. मग त्याने झाकण सुलटे केले. वरच्या बाजूला, बरोबर त्या जागी, दसऱ्या-दसऱ्यांचा शेंदूर बसला होता.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पण आई तिथेच होती, आणि तिला दिसत होते.

"इकडे दे," ती म्हणाली.

"राहू दे आई, मी करतो."

"मी लावलाय ना. इकडे दे." झाकण मांडीवर घेऊन ती मला म्हणाली, "तुझ्या केसांतला आकडा दे गं."

तिने आकड्याच्या टोकाने शेंदूर खरवडायला सुरुवात केली. तो सहज निघेना. वरचा थर काळपट, त्याखाली विटकरी, सर्वांत तळाशी अजून ताजा वाटावा असा भगवा. मी लहान असताना लावलेला तो असणार. पापुद्रे तिच्या मांडीवर पडत होते आणि ती ते वेचून तळहातावर घेत होती. अखेर आकडा आरपार गेला. तिने झाकण डोळ्यासमोर धरून त्या छिद्रातून नदीकडे पाहिले.

"माझ्यामुळं थांबत होती तर," ती म्हणाली.

मग सवयीनेच तिने शेंदराचे तांबडे बोट कपाळाकडे नेले. अर्ध्यावर ते थांबले. तिने बोट पदराला पुसले, तळहातावरचे पापुद्रे पदराच्या टोकात बांधले आणि आम्हाला भाकरी वाढली. पिठले कोरडे झाले होते. नदीकाठी आणखीही माणसे जेवत होती. मोशीचा हा काठ जेवणासाठी फार चांगला आहे, सावली आहे, पाणी स्वच्छ आहे, आणि मी तो वाचकांना मनापासून सुचवते. पण त्या दिवशीच्या भाकरीची चव मला सांगता येणार नाही.

पुढे चाकणपर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही. रस्ता ठिकठिकाणी उखडलेला आहे आणि धुळीसाठी एखादे जास्तीचे फडके जवळ असावे. चाकणच्या वेशीशी कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती. रांगेतल्या एका गाडीवानाने आबांची गाडी ओळखली, आणि त्यानेच ओरडून वाट दाखवली. "गेनूदादाचं घर? त्या किल्ल्याच्या अंगाला जावा!"

गेनूदादा पायऱ्यांवर बसून होते. आमच्या वाटेकडेच डोळे लावून बसले असावेत. आवाज ऐकताच उठले, गाडीभोवती एक फेरी घातली, टपावर थाप मारली. "आली की आपल्या पायानं! वयनी, या. कुसुम, किती मोठी झालीस गं! आबा म्हनायचा, माझी पोरगी लई हुशार हाय, पन बोलत न्हाई." मग ते मागे गेले, आणि त्यांचा हात झाकणाशी थबकला.

"शेंदूर कुनी काढला?"

"त्याच्यानंच अडत होतं, काका," दादा म्हणाला. "भोक बुजलं होतं. कुसुमनं शोधून काढलं."

गेनूदादांनी झाकणावर अंगठा फिरवला. "शोधून काढायचं काय त्यात? आबाला ठावं व्हतं की."

दादा पुढे झाला. "काय ठाऊक होतं?"

"हेच. भोक बुजलंय म्हून. मीच त्याला म्हनलो व्हतो, आरं खरवडून टाक, रोज उतरून झाकन उघडतोस, गिऱ्हाईक हसतंय. तर म्हनला, राहू दे गेन्या. ती दर दसऱ्याला यवढ्या हौसेनं लावती. खरवडलेलं दिसलं तर काय म्हनंल? माझं काय जातंय? वाटंत तीन डाव उतरायचं, झाकन सैल करायचं, हवा घेतली की बसायचं." ते आईकडे वळले. "तुमास्नी सांगितलंच न्हाई का त्यानं कधी?"

आई उभ्या जागी पायरीवर बसली. पदराच्या टोकाची गाठ तिने मुठीत धरली होती. गेनूदादांच्या पत्नीने पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. आईने तो घेतला नाही. तिने विचारले, "मग आज सकाळी हे कोणी सांगितलं असतं मला, तर मी काढला असता का?"

गेनूदादा पुटपुटले, "वयनी, तुमी काढला म्हून तर आली. न्हाई तर मोडीतच गेली असती." ते खरे होते, आणि त्याने आईचे समाधान झाले नाही.

रात्री आम्ही त्यांच्याकडे राहिलो. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, वर लसणाची चटणी. चाकणला मुक्काम करायचा असेल तर ओळखीचे घर असल्याशिवाय सोय नाही, हे सांगून ठेवते. सकाळी दादाने किल्ली गेनूदादांच्या हातात दिली. आईने गाडीला हात लावला नाही, मागे वळून पाहिले नाही. सरळ सरकारी बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

परतीची बस भरलेली होती. आईला खिडकीशी जागा मिळाली. मोशीचा पूल आला, तशी ती किंचित पुढे सरकली, उतरायची वेळ झाली असावी तशी. बस थांबली नाही. विहीर मागे गेली. कासारवाडीचे आंब्याचे झाड आले तेव्हा तिने मान वळवून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले. मला वाटले, तिच्या मनात आबा एकेका जागी उतरत असतील. इतकी वर्षे ती त्यांच्या पाठीमागे बसून होती आणि झाकण उघडताना तिने त्यांना एकदाही पाहिले नव्हते, कारण ते नेमके तिच्या पाठीशी उभे राहून ते उघडीत.

घरी आल्यावर चिंचेखालची मोकळी जागा फार मोठी वाटली. जिथे मोटार उभी असायची तिथे तेलाचा एक काळा डाग आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगण झाडत त्या डागापर्यंत आली, क्षणभर थांबली आणि पुढचे झाडू लागली.

असा हा प्रवास. जुनी मोटार घेऊन निघणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की ती वाटेत बंद पडू लागली तर पंप बदलण्याआधी टाकीचे झाकण पाहावे. दोष पुष्कळदा तेवढाच असतो. नदीकाठी जेवावे. घाई नसेल तर मध्ये उतरून घ्यावे.

परवा चाकणहून एक ओळखीचा माणूस आला. गेनूदादांचा निरोप त्याने ओसरीवर उभ्याउभ्याच सांगितला. गाडी झकास चालते. चाकणहून चिंचवड स्टेशनापर्यंत आता वाटेत कुठे थांबत नाही. आणि त्यांच्या घरच्यांनी विचारले आहे की पुढल्या दसऱ्याला झाकणावर शेंदूर लावावा की नको. वहिनींनी काढला आहे, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय लावणार नाही.

आई तांदूळ निवडत होती. सुपावरचा हात तसाच राहिला. पदराच्या टोकाची ती गाठ अजून सुटलेली नाही. धुताना ती तेवढे टोक हातात धरून बाकीचे लुगडे धुते, हे मी पाहिले आहे.

"लावा म्हणावं," ती म्हणाली. "पण भोक सोडून लावा."